हक्क आणि हजेरीपट

कागदावर योजना सर्वांची असते. ती प्रत्यक्षात कोणाची होते हे ठरवणारा माणूस मंत्रालयात बसत नाही, तो गावात फिरत असतो. बैठक कोणाच्या ओट्यावर घ्यायची, बियाणे आल्याचा निरोप आधी कुठे धाडायचा, पोषण आहाराची पाकिटे कोणत्या गल्लीपर्यंत न्यायची, अर्ज भरून घेताना कोणाला सतरंजीवर बसवायचे आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवायचे, असे बारीकसारीक निर्णय अंगणवाडी सेविका, आशा, कृषी सहायक आणि ग्रामसेवक दिवसातून कितीतरी वेळा घेतात. त्यांना कोणी निर्णयही म्हणत नाही, ‘कामाची पद्धत’ म्हणतात. लोकांपर्यंत जाऊन काम करणाऱ्या अशा कर्मचाऱ्यांना नागरी हक्कांच्या पालनाचे प्रशिक्षण देण्यासाठी ही पुस्तिका तयार केली आहे. तिच्यामागचे म्हणणे एकच आहे. भेदभाव पुष्कळदा कोणाच्या मनात नसताना कामाच्या रीतीत असतो. ती रीत उपदेशाने बदलत नाही. त्यासाठी प्रत्येक कामाचा नियम ठरवावा लागतो, त्याची नोंद ठेवावी लागते आणि नोंद तपासणारा माणूस नेमावा लागतो. हे म्हणणे तपासण्यासाठी या प्रस्तावनेत एकाच जिल्ह्याचा दोनशे वर्षांचा दाखला घेतला आहे. तो जिल्हा म्हणजे कावेरीच्या मुखाजवळचा तंजावूर. तिथे १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी होती एवढ्याच कारणाने त्याची निवड केलेली नाही. लोकांच्या दारापर्यंत मदत नेण्याचे प्रयोग तिथे वेगवेगळ्या काळात झाले आणि त्यांच्या यशापयशाच्या लेखी नोंदी मागे राहिल्या, म्हणून तो निवडला.

पहिला दाखला तंजावूरचे भोसले राजे सरफोजी यांच्या छत्रांचा, म्हणजे वाटसरूंसाठीच्या धर्मशाळांचा. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. तरीही रामेश्वरच्या वाटेवरची छत्रे आपल्याच हाती राहावीत यासाठी सरफोजींनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटला पत्र लिहिले आणि छत्रांतला दिनक्रम त्यात सविस्तर मांडला. आज ते पत्र वाचताना दयाधर्माच्या भाषेपेक्षा त्यातला तपशील जास्त लक्षात राहतो. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या परैयरापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा कोणत्याही वाटसरूला अन्न द्यायचे, आणि जो शिजवलेले घेणार नाही त्याला कोरडा शिधा द्यायचा. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालू ठेवायचे. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे, अशी हाळी द्यायची. आजारी पडलेल्या प्रवाशासाठी वैद्य आणि औषध असे. गरोदर स्त्री तिथे बाळंत झाली तर तिची आणि बाळाची तजवीज होई. आईबाप वाटेत दगावलेल्या पोरक्या मुलांना पंतोजीच्या ताब्यात देऊन खाऊपिऊ घालत आणि शिकवत. त्यापुढच्याच वर्षी, १८०२ मध्ये, ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. मध्यरात्रीच्या घंटेकडे जरा थांबून पाहावे. सर्वांना अन्न मिळेल, एवढे लिहून थांबणारा नियम आचाऱ्याच्या मर्जीवर चालतो. मागे राहिलेला माणूस कोण हे विचारायला ठरल्या वेळी बाहेर पडावेच लागेल, असे सांगणारा नियम ती मर्जी काढून घेतो. घंटा वाजली की नाही हे अख्ख्या गावाला ऐकू येते, म्हणजे तपासणीही त्या नियमातच आलेली असते.

याच दाखल्याची मर्यादाही इथे सांगायला हवी, नाहीतर तो गतवैभवाच्या पोवाड्यात जमा होईल. छत्रात सर्वांना अन्न मिळे, पण सगळे एका पंक्तीला बसत नसत. शिजवलेले आणि कोरडे हा भेद सोवळ्याच्या समजुतीतून आलेला होता आणि छत्राने त्या समजुतीला हात लावला नाही. ब्राह्मणाचा मान आणि परैयर वाटसरूचा मान एक नव्हता. शिवाय छत्र हे राजाचे दान होते. घेणाऱ्याला दाद मागण्याची सोय नव्हती आणि मालक बदलला की दान आटणे ठरलेले होते. आजच्या कर्मचाऱ्याने छत्राकडून घ्यायची ती कार्यपद्धती. ज्या पायावर ती उभी होती तो पाया घ्यायचे कारण नाही. आपल्याकडे तो पाया संविधानाने दिला आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिच्या आचरणाला गुन्हा ठरवले. दान देणाऱ्याचे उपकार मानावे लागतात, हक्क देणाऱ्याकडून हिशेब मागता येतो. विचित्र गोष्ट अशी की पाया भक्कम झाल्यावर कार्यपद्धतीचा तपशील मात्र आपण सैल सोडला. ते कसे घडले हे तंजावूरच्याच दुसऱ्या दाखल्यात दिसते.

१९६०-६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने देशातल्या सात जिल्ह्यांत सघन शेती जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. लोक त्याला ‘पॅकेज कार्यक्रम’ म्हणत. लुधियाना, पश्चिम गोदावरी, अलीगढ, शहाबाद, रायपूर आणि पाली यांच्या जोडीला त्या यादीत तंजावूर होते. कालव्यांचे पाणी हुकमी, भाताची जुनी परंपरा आणि जवळच आडुतुरैचे भात संशोधन केंद्र, अशी सगळी जमवाजमव तिथे आयती होती. त्या केंद्रातून आलेला ‘एडीटी-२७’ हा लवकर येणारा वाण कुरुवै या भाताच्या हंगामासाठी पुढे जिल्हाभर पसरला. काम चाले ते असे. ग्रामसेवक शेतकऱ्याकडे बसून त्याच्या शेताचा उत्पादन आराखडा तयार करी. कोणते बियाणे, किती खत, किती कर्ज हे त्यात लिही. तो आराखडा पाहून सहकारी सोसायटी कर्ज आणि खत देई. यात कुठेही जातीचे नाव नाही, कोणाला वगळा असे कलम नाही. पण आराखडा होणार तो ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा. तंजावूरमध्ये जमीन मिरासदारांची, देवस्थानांची आणि मठांची होती. कसणारे कूळ बहुधा तोंडी बोलीवर होते आणि त्याखाली राबणारा पन्नैयाळ, म्हणजे सालाने बांधलेला मजूर, बहुतेककरून दलित होता. तोंडी बोलीवरच्या कुळाला सोसायटीच्या दारात पुरावा नव्हता. सालगड्याला तर आराखड्यात रकानाच नव्हता. ग्रामसेवक नेकीने वागला तरी निकाल तोच लागणार होता, कारण तो कोणाच्या मनाने लावला नव्हता, अर्जाच्या नमुन्याने लावला होता.

हा निष्कर्ष मागाहून जुळवलेला नाही. जमीन सुधारणांचे जाणकार वुल्फ लाडेजिन्स्की यांनी तेव्हाच पॅकेज जिल्ह्यांतली कूळव्यवस्था पाहून नियोजन आयोगाला अहवाल दिला. कुळाला शाश्वती नाही तोवर या कार्यक्रमाचा लाभ त्याच्यापर्यंत पुरता पोहोचणार नाही, असा त्याचा आशय होता. अहवाल १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. कुळांच्या हक्काची नोंद करणारा तमिळनाडूचा कायदा मात्र १९६९ चा आहे. म्हणजे बियाणे, खत आणि कर्ज आधी गेले आणि ते कोणाला मिळावे हे ठरवणारी नोंदवही आठ-नऊ वर्षे मागे राहिली. राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिन फ्रँकेल यांनी हरितक्रांतीच्या जिल्ह्यांचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही तंजावूरच्या वाढत्या उत्पन्नातला मोठा वाटा मोठ्या जमीनधारकांकडे गेल्याचे दिसते. दरम्यान २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या पूर्व तंजावूरमधल्या कीळवेण्मणी गावी, मजुरीच्या तंट्याच्या पार्श्वभूमीवर, एका झोपडीत आसऱ्याला गेलेल्या ४४ दलितांना जाळून मारण्यात आले. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. या हत्याकांडाचा ठपका विस्तार कार्यक्रमावर ठेवणे अन्यायाचे होईल. मजुरीचा लढा त्याहून जुना होता, संघटना होत्या, जमीनदारांची दहशत होती. पण नव्या शेतीचे लाभ विषमपणे वाटले गेल्याने गावातला ताण वाढतो, हे केंद्रीय गृहखात्याच्याच १९६९ च्या अहवालात आले आहे. तेव्हा लाभ कोणापर्यंत गेला हा प्रश्न कार्यक्रम संपल्यावर मूल्यमापनात विचारायचा नसून पहिल्या दिवशी ग्रामसेवकाच्या वहीत असायला हवा, एवढा धडा तरी यातून घेता येतो.

नमुना बदलला तरी गावाचा नकाशा उरतोच. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेय यांनी १९६१-६२ च्या सुमारास तंजावूरच्या एका गावात राहून अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. त्या गावाला त्यांनी श्रीपुरम असे टोपणनाव दिले आहे. ब्राह्मणांचा अग्रहार, ब्राह्मणेतरांचे रस्ते आणि शेतापलीकडची दलितांची चेरी, अशी गावाची वाटणी त्यात दिसते. बेतेय अग्रहारात राहत, आणि तिथे राहायचे म्हटल्यावर चेरीत मोकळेपणाने ये-जा करता येत नव्हती, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. बाहेरून आलेल्या, कोणाचे मिंधे नसलेल्या संशोधकाची ही गत, तर त्याच गावात दहा वर्षे नोकरी काढायची असलेल्या कर्मचाऱ्याची काय असेल? तो सोयीचा ओटा पाहतो. त्या ओट्यावर कोण चढू शकते हे गावाने आधीच ठरवलेले असते. दवंडी पिटली, बैठक ‘सर्वांसाठी खुली’ होती, असे तो अहवालात लिहितो आणि ते खोटेही नसते. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाचे हेच. मारुतीच्या देवळापुढे भरलेली ग्रामसभा सर्वांची असते, तरी बौद्धवाड्यातल्या किंवा पारध्यांच्या पालावरच्या बाईला तिथे बोलणे सोपे नसते. बैठकीची जागा ठरवणे हा म्हणूनच नागरी हक्कांचा विषय आहे, आणि पुस्तिकेचे पहिले प्रकरण त्यावरच आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे कोणी म्हणणार नाही. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला. माल विकण्यास वा सेवा देण्यास नकार, दवाखान्यात प्रवेश नाकारणे, पाणवठ्यावर अडवणे हे सारे त्यात गुन्हे आहेत. तपासात मुद्दाम हयगय करणारा लोकसेवक गुन्ह्याला मदत करणारा मानला जाईल, असेही त्यात आहे. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ मध्ये कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षा आहे आणि २०१५ च्या दुरुस्तीने तक्रार वाचून दाखवण्यापासूनची त्याची कर्तव्ये एकेक करून लिहिली आहेत. पण हे कायदे जागे होतात ते नकार उघडपणे दिला गेल्यावर. २०२२ च्या अखेरीस ओरत्तनाडू तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकानदार दलितांना माल नाकारत असल्याची चित्रफीत पुढे आली, तेव्हा प्रशासन हलले. ज्या तालुक्यात मुक्तांबाळ छत्र उभे आहे त्याच तालुक्यातली ही गोष्ट. चित्रफीत होती म्हणून गुन्हा दिसला. जिथे नकारच देत नाहीत, फक्त निरोप पोहोचवत नाहीत, तिथे चित्रफीत कशाची काढणार? कागदावरचा नियम आपोआप अमलात येत नाही, हे महाडचा इतिहासही सांगतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले या सदस्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंच्या साथीने तिथवर चालत जावे लागले. मधल्या तीन वर्षांत ठराव जिवंत होता, पण महाडात तो प्रत्यक्ष बजावला गेला नव्हता.

अशा कामाची रीत लिहिण्याचा प्रयत्न अमेरिकेत बराच झाला आहे आणि त्यातले यश-अपयश दोन्ही आपल्या उपयोगाचे आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमात वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभावाला बंदी केली. पुढच्याच वर्षी तिथल्या नागरी हक्क आयोगाने शेती कार्यक्रमांची तपासणी केली आणि दक्षिणेतली कृषी विस्तार सेवा काळ्या शेतकऱ्यांना वेगळी आणि कमी प्रतीची मिळते असे दाखवून दिले. आज तिथल्या कृषी खात्याच्या अन्न व पोषण सेवेत कर्मचाऱ्यांना दरवर्षी जे प्रशिक्षण घ्यावे लागते त्याचे विषय असे आहेत: माहिती गोळा करणे व वापरणे, लोकांना कार्यक्रमाची खबर देणे, तक्रारीची पद्धत, पालनाची तपासणी, चूक आढळल्यास ती दुरुस्त करणे, दिव्यांगांसाठी सोय, भाषेची मदत, वाद मिटवणे आणि ग्राहकाशी वागणूक. नऊपैकी बहुतेक विषय हाताने करायच्या कामाचे आहेत. विस्तार सेवेत तर ‘शक्य ते सर्व प्रयत्न’ केले असे नुसते म्हणून चालत नाही. प्रसारमाध्यमांतून खबर, व्यक्तिगत पत्र आणि प्रत्यक्ष भेट हे तिन्ही केल्याचे दाखवावे लागते.

अपयशही तिथलेच. उत्तर कॅरोलायनात विस्तार सेवेच्या गोऱ्या आणि काळ्या अशा दोन शाखा होत्या. १९६५ मध्ये त्या एक झाल्या, पण पगारातली तफावत तशीच चालत राहिली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८६ मध्ये न्यायालयाने पगाराबाबत कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. विस्तार सेवा चालवत असलेले मुलांचे फोर-एच क्लब मात्र बरेचसे एकाच वर्णाचे राहिले होते. त्यांच्याबाबत पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरले की प्रवेश सर्वांना खुला केला, सदस्यत्व ऐच्छिक आहे, तेव्हा सेवेने आणखी काही करण्याची सक्ती नाही. ब्रेनन आदी चार न्यायमूर्तींना हे पटले नाही. विभागणी ज्या सेवेने उभी केली तिनेच ती मोडायला हवी, असा त्यांचा रोख होता. तंजावूरचा अनुभव जमेस धरता त्या चौघांचे म्हणणे बरोबर वाटते. पॅकेज कार्यक्रमाचेही दार कोणाला बंद नव्हते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की प्रशिक्षणाने माणूस बदलत नाही. दिवसभर व्याख्याने ऐकतात, चहा-बिस्किटे होतात, प्रमाणपत्र मिळते आणि दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत. हा आक्षेप निराधार नाही. अमेरिकी कंपन्यांतल्या विविधता प्रशिक्षणावर फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह यांनी दीर्घ काळ अभ्यास केला. पूर्वग्रह घालवण्याच्या वर्गांचा परिणाम फारसा दिसत नाही, उलट जबाबदारी एखाद्या व्यक्तीवर किंवा समितीवर नेमून दिली की फरक पडतो, असे त्यांना आढळले. पण यावरून प्रशिक्षणच नको असे ठरत नाही. कशाचे प्रशिक्षण द्यायचे, एवढे ठरते. सेविकेच्या मनातली जात काढण्याचा प्रयत्न ही पुस्तिका करत नाही. तिने महिन्यातून किती भेटी कोणत्या वस्तीत दिल्या हे लिहावे आणि पर्यवेक्षिकेने ते पाहावे, एवढेच ती मागते. मन बदलले तर आनंदच आहे. न बदलले तरी पाकीट दारात पोहोचले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक मनापासून घेतला जातो. जात विसरायची असेल तर ती नोंदवायची कशाला? नोंदवहीत रकाना काढला की कर्मचारी आणि गाव दोघांनाही जातीची आठवण होणार, असे सज्जन माणसे म्हणतात. यात धोका आहे आणि तो मान्य करायला हवा. जेवणाच्या ताटापाशी, औषधाच्या खिडकीपाशी कोणाला जात विचारणे हा स्वतःच अपमान आहे, आणि पुस्तिकेने त्याला स्पष्ट मनाई केली आहे. पण नोंद माणसाची ठेवण्याऐवजी वस्तीची ठेवता येते. गावात पाच वस्त्या असतील आणि वर्षभराच्या बैठका एकाच वस्तीत झाल्या असतील, तर ते वहीच्या एका पानावर दिसते. कोणाला काही विचारावे लागत नाही. आणि गाव जात विसरलेले असते तर हा आक्षेप ऐकायला गोड वाटला असता. चेरीचा रस्ता कुठे सुरू होतो हे गावातल्या पोराला ठाऊक असते. ते ठाऊक नसल्यासारखे लिहिलेली वही फक्त वरिष्ठांना अंधारात ठेवते. पॅकेज कार्यक्रमाची १९६० ची वही जातीबाबत अगदी निर्मळ होती, म्हणून तर कोण वगळले गेले हे कळायला बाहेरून अभ्यासक यावे लागले.

तिसरा आक्षेप कर्मचाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. मानधनावर राबणाऱ्या बाईच्या पाठीवर आधीच मोजमापे, सर्वेक्षणे आणि मोबाईलवरचे अर्ज लादलेले आहेत. त्यात समाजाचा हजारो वर्षांचा अन्यायही तिनेच निस्तरायचा का? शिवाय अनेकदा तीच भेदभावाची बळी असते. मध्यान्ह भोजनासाठी आचारी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. तरीही २०१८ मध्ये तिरुप्पूर जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित आचारी बाईच्या हातचे नको म्हणून पालकांनी गोंधळ घातला, आणि सुरुवातीला बदली झाली ती तिचीच. गुन्हा नंतर नोंदवला गेला. या घटनेत खरे अडाणी ठरले ते वरचे कार्यालय. जमाव आला तर पहिल्या तासात काय करायचे हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते, म्हणून अधिकाऱ्याने सर्वांत सोपी वाट धरली. लेखी नियम हा खालच्या कर्मचाऱ्यावरचा बोजा आहे तितकाच तिचा आधारही आहे. ‘मी ऐकले असते हो, पण वरून लेखी आहे,’ हे एक वाक्य गावातल्या दांडग्यापुढे तिला जितके उपयोगी पडते तितके संविधानावरचे व्याख्यान पडत नाही. म्हणून या पुस्तिकेचा अर्धा भाग पर्यवेक्षक आणि गटविकास अधिकाऱ्यांसाठी आहे. त्यांचे प्रशिक्षण आधी आणि सेविकांचे नंतर, असा क्रम आम्ही आग्रहाने सुचवला आहे. वेळेबाबत म्हणाल, तर नवी वही काढू नये. आहे त्या हजेरीपटात आणि भेटवहीत ‘वस्ती’ आणि ‘कोण आले नाही’ हे दोन रकाने वाढवले तरी काम भागते.

प्रशिक्षणाने काय होणार नाही, हेही सांगितले पाहिजे. योजनेच्या पात्रतेतच खोट असेल तर कर्मचारी कितीही नेकीने वागला तरी ती भरून निघत नाही. २०१९ पासून शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये देणारी पीएम-किसान योजना जमीन नावावर असलेल्यालाच मिळते. कावेरीकाठी देवस्थानांच्या जमिनी कसणारी कुळे आजही त्याबाहेर आहेत, जशी साठ वर्षांपूर्वी आराखड्याबाहेर होती. इथे गावातल्या कर्मचाऱ्याच्या हाती एवढेच आहे की कोण, का वगळले गेले हे त्याने लेखी वर कळवावे. पण हे एवढेसेही नाही. १९६१ मध्ये ग्रामसेवकांच्या वहीतून तसे कळवण्याची वाट असती तर १९६९ च्या कूळनोंदणी कायद्यापर्यंत थांबावे लागले नसते. दुसरीकडे, घरोघरी जाण्याच्या नव्या कार्यक्रमांत कर्मचाऱ्याच्या हाती पुष्कळ आहे. २०२१ मध्ये तमिळनाडूत सुरू झालेल्या ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ योजनेत आरोग्यसेविका रक्तदाब आणि मधुमेहाची औषधे घरपोच नेतात. रुग्णाने केंद्रात यायचे असते तेव्हा भेदभाव उंबऱ्यावर दिसतो. सेविका घरी जाते तेव्हा तो तिच्या वाटेत असतो. कोणत्या टोकाकडून सुरुवात होते, ऊन चढल्यावर कोणती गल्ली उद्यावर जाते, अंथरुणाला खिळलेल्या दिव्यांगाकडे किती वेळ बसतात, तेलुगू किंवा बंगाली बोलणाऱ्या मजुराला मात्रा कोण समजावतो, या प्रश्नांची उत्तरे तिच्या रोजच्या वाटेत आहेत.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने केली आहे. आधी जागा आणि वेळ, मग खबर देण्याच्या रीती, मग नोंद, भाषा, दिव्यांगांची सोय, तक्रार आणि शेवटी गावाचा दबाव आला तर करायची कृती. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४७ ने पंचायत सदस्य, प्रशासक आणि पोलिसांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांचे हक्क समाविष्ट करायला सांगितले आहे. हक्क बजावणाऱ्याला शिकवणे हे कायद्याचेच काम आहे ही कल्पना आपल्या संसदेने मान्य केलेली आहे, आणि जात, लिंग व भाषेच्या बाबतीत ती पुढे नेणे एवढाच पुस्तिकेचा हेतू आहे. प्रत्येक प्रकरणात कायद्याचे कलम थोडक्यात आणि करायचे काम विस्ताराने दिले आहे. प्रशिक्षकांनी व्याख्यानाऐवजी सहभागींच्या स्वतःच्या गेल्या वर्षाच्या वह्या मागवाव्यात आणि त्यांवरच काम करावे. वर्गाच्या शेवटी प्रमाणपत्र देऊ नये. बारा महिन्यांनी त्याच वह्या पुन्हा उघडाव्यात. ज्या वस्तीसमोर शून्य होते तिथे आकडा आलेला असेल तर प्रशिक्षण झाले असे समजावे. शून्य तसेच असेल तर सेविकेला नोटीस काढण्याआधी तिच्या वरिष्ठाला विचारावे की वर्षभरात ती वही त्याने किती वेळा पाहिली.